स्लो कुकरच्या चांगल्या पाककृती कुठे मिळतील? (आणि माझं गाजर कच्चं का राहिलं?)

आळशी_बल्लव

नमस्कार मंडळी. घरात स्लो कुकर येऊन दोन महिने झाले. साडेपाच लिटरचा आहे, आत बाहेर काढता येणारं चिनीमातीचं भांडं, काचेचं झाकण आणि तीन बटणं: लो, हाय, वॉर्म. आतापर्यंत अकरा पदार्थ केले. त्यातले दोनच पुन्हा करावेसे वाटले. बाकी नवांची नावं वेगवेगळी होती, चव मात्र एकच. उकडलेल्याची.

कालचा प्रकार सांगतो. पाककृतीत लिहिलं होतं, "सगळं एकत्र घाला, लोवर आठ तास ठेवा आणि विसरून जा." विसरलो. आठ तासांनी झाकण उचललं. वास झकास. चिकनच्या छातीच्या तुकड्यांना चमचा लावला तर लगेच दोरे सुटले, म्हटलं जमलं! तोंडात घातल्यावर कापूस. खाली पातळ पिवळट पाणी, आणि त्या पाण्यात बसलेलं गाजर दाताखाली कटकन वाजलं. एकाच भांड्यात चिकन शिजून चोथा आणि गाजर कच्चं, हे कसं काय होतं?

तर प्रश्न सरळ आहे. खात्रीच्या पाककृती कुठून मिळवता तुम्ही? जालावर हजारो आहेत, त्यातल्या चांगल्या कोणत्या हे करून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि करून बघायला आठ तास जातात.

खमंग_करपलेला

आमचा माळ्यावर आहे. झाकण तेवढं दुसऱ्या पातेल्याला बसतं म्हणून खाली ठेवलंय. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

मंद_आच

बल्लवदादा, गाजराचं आधी सांगते, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे.

चिकन आतून ७५ अंश सेल्सिअसला पोचलं की शिजलं. गाजर-बटाट्याच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिनमुळे, आणि ते साधारण ८५ अंशांच्या पुढेच नीट सुटायला लागतं. लोवर भरलेलं भांडं तिथवर चढायलाच काही तास घेतं. म्हणजे चिकन शिजून दमलं तेव्हा गाजराचं काम जेमतेम सुरू झालं होतं. त्यातून तुम्ही गाजर जाड कापून वर टाकलं असणार. या कुकरची तापणारी तार बहुतेक वेळा भिंतींभोवती गुंडाळलेली असते. म्हणून कंदमुळं बारीक चिरून तळाला आणि कडेला लावायची, मांस त्यांच्यावर. टोमॅटो भरपूर घातला होतात का? आंबटपणात पेक्टिन आणखी हट्टी होतं. टोमॅटोत बटाटा तासन्‌तास शिजवूनही मधे करकरतो तो त्यामुळेच.

आता पाककृती. सुरुवातीला मीही तुमच्यासारखीच "चांगली जागा" शोधत होते. मग लक्षात आलं की एकाच जागी दोन उत्तम आणि आठ टाकाऊ असतात, आणि टाकाऊ कोणत्या हे न शिजवताही कळतं. नवीन पाककृती समोर आली की मी फोटो बघतच नाही. आधी बघते द्रव किती सांगितलाय. या भांड्यातून वाफ फारशी बाहेर जात नाही, झाकणाला लागून परत खाली गळते. वर भाज्या आणि मांस स्वतःचं पाणी सोडतात ते वेगळंच. दीड किलो मांसाला कुणी चार वाट्या पाणी सांगत असेल, तर त्या माणसाने गॅसवरची पाककृती उचलून वर "स्लो कुकर" असं नाव डकवलंय. मला एक वाटी पुरते. कधी तीही नको.

दुसरं, मांसाचा भाग. खांदा, नळी, मांडी असं लिहिलंय की नुसतंच "मांस"? राबणाऱ्या स्नायूंमध्ये कोलॅजेन असतं. ते कित्येक तास तापून विरघळतं आणि त्याचं जिलेटिन होतं, म्हणून तुकडा मऊ आणि रस्सा ओठाला चिकटेल असा होतो. छातीच्या मांसात विरघळायला काही नसतंच, ते नुसतं पाणी सोडत सुटतं. आठ तास छाती शिजवा म्हणणारी पाककृती मी तिथेच बंद करते. हाडासकट मांडी लोवर पाच-सहा तास, छाती करायचीच तर अडीच-तीन तासांनी तपासायला लागायचं.

तिसरं, पदार्थ टप्प्याटप्प्याने घालायला सांगितलेत का. दूध, दही, मलई पहिल्याच ओळीत दिसली की समजायचं, लिहिणाऱ्याने हे स्वतः केलेलं नाही. इतके तास तापून ती फाटते, वर पांढऱ्या कण्या तरंगतात. शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत घालायची. मटार, पालक, मासे हे सगळं शेवटीच. पास्ता आणि भात तर वेगळा शिजवून पानात एकत्र करावा, आत ठेवला तर खळ होते.

आणि "सगळं एकत्र घाला आणि विसरा" हे वाक्य. मला त्याचा राग येतो. स्लो कुकर तुमची वेळ वाचवत नाही, ती सरकवतो. सकाळची वीस मिनिटं नीट दिली तर संध्याकाळ मोकळी मिळते.

चमचाभर

+१. विशेषतः द्रवाबद्दल.

एक भर: भांड्याचं माप. पाककृतीत कुकर किती लिटरचा ते दिलेलं नसेल तर तास दिलेले असून नसल्यासारखे. भांडं निम्मं ते दोन तृतीयांश भरलेलं असताना हे तास बरोबर येतात. साडेपाच लिटरच्या भांड्यात दोघांपुरतं तळाशी घातलं की कडा करपतात, काठोकाठ भरलं की मधलं कच्चं राहतं.

आळशी_बल्लव

मंद_आच ताई, दंडवत. टोमॅटो चार होते. गाजर वरच होतं, रंग छान दिसावा म्हणून!

अकरा पाककृती आता काढून बसलो. सहांमध्ये भांड्याचं माप नाही. चारांत मलई सुरुवातीला. जे दोन पदार्थ आवडले होते त्यांत द्रव एक वाटीच्या आत आहे आणि दोन्हींत मांस आधी तव्यावर भाजायला सांगितलंय. तो भाग मी आळसाने एकदा गाळलाही होता.

झाकणपाल

भाजण्यावरून माझं थोडं वेगळं मत. मी एकाच दिवशी दोन लहान कुकरांत एकाच तुकड्याचे अर्धे-अर्धे भाग लावून पाहिलेत, एक भाजून, एक तसाच. मऊपणात फरक शून्य. भाजल्याने "रस आत कोंडला जातो" वगैरे जे म्हणतात ते खोटं आहे. फरक रंगाचा आणि वासाचा. तिखट, मसालेदार रश्शात तो फरकही अर्धा बुडतो. साध्या मीठ-मिऱ्याच्या पदार्थात मात्र न भाजलेला तुकडा राखाडी आणि बेचव वाटतो, तिथे भाजायलाच हवं. सरसकट सगळ्यांना सकाळी सहाला तवा तापवायला लावू नका.

मंद_आच

रस कोंडण्याबद्दल एकदम मान्य. भाजण्याचा हेतूच वेगळा आहे. तो खरपूस रंग आणि चव यायला पृष्ठभाग १४० अंशांच्या आसपास जावा लागतो, आणि ओल्या भांड्यात १०० च्या वर काही जातच नाही. म्हणजे स्लो कुकर ती चव बारा तासांतही देणार नाही.

पण मला मांसापेक्षा तव्याला चिकटलेलं हवं असतं. मांस काढलं की त्याच तव्यात ती एक वाटी पाणी ओतायचं, लाकडी उलथन्याने खरवडायचं आणि ते तांबूस पाणी कुकरमध्ये. भाजायला कंटाळा असेल तर निदान कांदा आणि टोमॅटोची पेस्ट तव्यावर काळपट होईपर्यंत परता. आठवड्यातून तीनदा मी एवढंच करते.

चमचाभर

कांद्याचा कंटाळा असणाऱ्यांनी हे करून ठेवा. या यंत्राचा माझ्या मते सर्वांत चांगला उपयोग हाच.

दोन किलो कांदे उभे, पातळ चिरायचे. भांडं गच्च भरतं, घाबरू नका, नियम इथे मोडायचा. तीन मोठे चमचे तेल, एक लहान चमचा मीठ, हाताने सगळ्याला लागेल असं कालवायचं. झाकण, लो, दहा तास. पाणी घालायचं नाही, थेंबसुद्धा नाही. मी रात्री नऊला लावतो. पहाटे घरभर वास असतो, त्या वासानेच जाग येते. झाकण उघडलं की कांदा भांड्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर बसलेला, फिकट सोनेरी, स्वतःच्याच पाण्यात पोहतोय. इथे बरेच जण थांबतात आणि "जमलं नाही" म्हणतात. थांबू नका. झाकण तिरकं करून, वाफ जाईल एवढी फट ठेवून, हायवर आणखी दोन-तीन तास. दर अर्ध्या तासाने कडेचा काळपट थर आत ओढत हलवायचं. पाणी आटलं की रंग भराभर गडद होत जातो आणि शेवटी मुरंब्यासारखा गोळा उरतो.

बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवा. सूप, रस्सा, ऑम्लेट, कशातही एक वडी टाकली की तासभर परतल्याची चव येते. सूचना: वास पडद्यांना दोन दिवस राहतो. घरच्यांना आधी कल्पना द्या.

आळशी_बल्लव

वाचनखूण साठवली! कांदे आणतो.

एक घाईचा प्रश्न. राजमा दुपारीच भिजवलाय. रात्री झोपताना सरळ स्लो कुकरमध्ये घालून लोवर लावला तर सकाळपर्यंत होईल ना? एका पाककृतीत तसंच दिलंय.

रात्रपाळी

थांबा. तसं करू नका. एरवी नुसती वाचते, यासाठी लॉगिन केलं.

कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणेही पुरतात, एक ते तीन तासांत मळमळ, जोराच्या उलट्या आणि मग जुलाब. खळखळून उकळलं की ते नष्ट होतं. पण ८० अंशांच्या आसपास नुसतं गरम होत राहिलं तर दाणे कच्च्यापेक्षा जास्त, पाचपटीपर्यंत विषारी ठरू शकतात. लोवरचा कुकर बराच वेळ नेमका त्याच पट्ट्यात फिरत असतो. सकाळी दाणा बोटाने दाबला तर मऊ लागेल, म्हणून फसायला होतं.

करायचं असं. किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात गॅसवर अर्धा तास खळखळून उकळा, तेही पाणी फेका. मग कुकरमध्ये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची शिफारसही भिजवून अर्धा तास उकळण्याचीच आहे. पांढऱ्या राजम्यात हे लेक्टिन कमी असतं, पण मी तोही उकळूनच घेते. डबाबंद राजमा आधीच शिजलेला असतो, तो थेट चालतो. मसुराला या भानगडीची गरज नाही, धुऊन सरळ घाला.

ती पाककृती ज्या कुणाची असेल, त्यांच्या बाकीच्या पाककृतींवरही माझा विश्वास बसणार नाही.

आळशी_बल्लव

बाप रे. गॅस लावला आहे, उकळतोय. आभार कसे मानू.

खमंग_करपलेला

माळ्यावरच बरा होता आमचा.

उतूमातू

राजम्याचा विषय निघालाच आहे तर मजेची गोष्ट. हे यंत्र जन्मलंच कडधान्यासाठी. आयर्विंग नॅक्सन या अमेरिकन संशोधकाने १९३६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, ते १९४० मध्ये मिळालं. पुढे त्याचा कुकर 'नॅक्सन बीनरी' या नावाने विकला जायचा. कल्पना आईने सांगितलेल्या आठवणीवरून सुचली: तिच्या लहानपणी लिथुआनियात शुक्रवारी संध्याकाळी घराघरांतली भांडी गावातल्या बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवायची, रात्रभर उरलेल्या धगीवर ती शिजत राहायची. १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच यंत्र 'क्रॉक-पॉट' म्हणून बाजारात आणलं.

आता माझा प्रश्न. लो आणि हायमध्ये तापमानाचा फरक किती?

झाकणपाल

बऱ्याच कुकरांत शेवटच्या तापमानात जवळजवळ काहीच नाही. दोन्ही उकळीच्या जरा खाली येऊन टेकतात, हाय लवकर, लो उशिरा. म्हणून पाककृतीत लो आठ तास असेल तर हायवर चार धरून चालतं. पण कोलॅजेनवाल्या मांसाला मी लोच देतो.

तुमचा कुकर किती तापतो ते पाहायचं असेल तर निम्म्याहून थोडं जास्त पाणी भरून लोवर आठ तास ठेवा, झाकण काढल्या काढल्या थर्मामीटर बुडवा. ८५ ते ९३ अंशांच्या दरम्यान असेल तर छान. त्याहून बरंच वर गेलं तर तुमचा कुकर गरम डोक्याचा आहे, सगळ्या पाककृतींतले तास कमी करा. ८५ च्या खूप खाली असेल तर वापरू नका. "मी तंतोतंत केलं तरी बिघडलं" असं म्हणणाऱ्या निम्म्या लोकांची गोची इथे असते. पाककृती लिहिणाऱ्याचा कुकर वेगळा, आपला वेगळा.

आणि झाकण उघडून बघायची खोड सोडा. दर वेळी पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास वाढतो. माझं हे सदस्यनाम बायकोने ठेवलंय, यावरून ओळखा.

उतूमातू

हाहा. इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये 'स्लो कुक' बटण असतं त्यावर याच पाककृती चालतील का?

चमचाभर

चालतात, पण रडत. त्यात धग फक्त तळातून येते आणि भांडं पातळ धातूचं. माझ्याकडच्या यंत्रात त्यावरचं 'लो' अगदी कोमट आहे, त्याहून वरच्या पातळीवर ठेवूनही तास-दीड तास जास्त लागतो. आधी तीच पाण्याची चाचणी घ्या.

रात्रपाळी

माझी वेळ रात्रीची, म्हणून टायमरचं सांगते. सकाळी मांस भरून "दुपारी दोनला सुरू हो" असं लावणं धोक्याचं. ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात, आणि मांस त्या पट्ट्यात पाच-सहा तास बसून राहतं. उलटं करा. लगेच सुरू करा आणि झाल्यावर आपोआप वॉर्मवर जाऊ दे, वॉर्म ६० च्या वरच ठेवतं. गोठलेलं मांसही थेट घालू नका, आधी फ्रिजमध्ये सुटू द्या. आणि उरलेलं अन्न त्या जाड भांड्यात तसंच फ्रिजमध्ये ठेवलं तर मधोमध तासन्‌तास कोमट राहतं, दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढा.

वीज गेली आणि घरी आहात, तर गॅसवर पूर्ण करा. घरी नव्हतात आणि किती वेळ बंद होता ते कळत नाही, तर फेका. जिवावर येतं, ठाऊक आहे.

मंद_आच

एक राहिलं. पाककृती शोधण्यापेक्षा आपल्या रोजच्या पदार्थांनाच स्लो कुकरमध्ये आणा. गॅसवर जो रस्सा पाऊण तास मागतो तो लोवर सहा ते आठ तास घेतो. गॅसवर दोन-अडीच तास लागणारा आठ ते दहा. पाणी एक तृतीयांश ते निम्मं कापा. वाटलेले मसाले लांब शिजून मवाळ होतात, त्यातले निम्मे शेवटी घाला. अख्खे मसाले उलट वागतात, लवंग-दालचिनी आठ तासांत सगळ्यांवर कुरघोडी करतात, त्या कमी करा. आणि वाढण्याआधी लिंबू किंवा ताजी पानं, काहीतरी तरतरीत. एवढ्या वेळात सगळ्या चवींच्या कडा बोथट झालेल्या असतात.

तरी पातळ झालंच, तर चमचाभर कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून शेवटच्या अर्ध्या तासात, हायवर.

गॅसवर पंधरा मिनिटांत होणाऱ्या गोष्टी मात्र इकडे आणूच नका. स्लो कुकरमधल्या ऑम्लेटच्या पाककृती मी वाचल्यात. कशासाठी?

आळशी_बल्लव

आठवड्याने परत आलो. राजमा व्यवस्थित झाला, सगळे धडधाकट. कांदा केला, पडद्यांबद्दल चमचाभर खरं बोलत होते.

आज खांद्याचं मांस. दीड किलो, हाडासकट. तीन घाण्यांत भाजलं, कारण तव्यात गर्दी केली तर पाणी सुटून उकडतं, हे दुसऱ्या घाण्याला कळलं. तवा खरवडला, एक वाटी पाणी, दोन चमचे टोमॅटोची पेस्ट, कांद्याच्या चार वड्या. बटाटा-गाजर सुपारीएवढे चिरून तळाला. लोवर आठ तास. मधे झाकण एकदाच उघडलं (दीडदा म्हणा). हाड ओढलं तर स्वच्छ हातात आलं. गाजर चमच्याने तुटलं! रस्सा गार होताना कडेला जेलीसारखा धरला, तेव्हा ताईंचं कोलॅजेन डोळ्यांनी पाहिलं.

फक्त वर बोटभर चरबी तरंगत होती. ती काढायची कशी? चमच्याने काढताना अर्धा रस्साही गेला.

मंद_आच

आजच खायचं असेल तर रस्सा उंच, अरुंद भांड्यात ओतून दहा मिनिटं न हलवता ठेवा, वरचा थर जाड होतो, मग पळीने घ्या. उद्या खाणार असाल तर काहीच करू नका. डब्यांत काढून फ्रिजमध्ये, सकाळी चरबीची पापडी अख्खी उचलता येते. पुढच्या वेळी वरची जाड चरबी आधीच कापा.

आणि ते चिनीमातीचं भांडं गरम असताना नळाखाली धरू नका हं. माझं पहिलं तसंच तडकलं.

खमंग_करपलेला

माळ्यावरून काढलाय. दोन किलो कांदे चिरून झालेत, डोळे उघडत नाहीत. मीठ एक लहान चमचा म्हणजे सपाट की शीग?

चमचाभर

सपाट. आणि पडदे आधी काढून ठेवा.